छातीला झेंडू, केसांना बंदी

आमच्या गावात दिवाळी सरली की एक दिवस असा येतो, की झाडून सगळं गाव छातीला झेंडू लावून फिरतं. सरपंच लावतात, सलूनवाला लावतो, एसटीतून उतरलेल्या पाहुण्याला कुणीतरी हाताला धरून लावतं. धारा काढायला बसलेला माणूससुद्धा बंडीला फूल टाचून बसलेला मी पाहिलाय. हे सगळं माझ्या धाकट्या दिराच्या आठवणीत. भावजी फौजेत होते. बर्फाच्या मुलखात त्यांची गाडी दरीत गेली आणि गावानं त्यांच्यासाठी हा रिवाज धरला.

आता गंमत ऐका. ज्यांच्या नावानं गाव फुलतं त्यांच्याच बायकोनं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेनं, फूल माळायचं नाही. पदराला टाचलं तर चालतं. केसात नको. बाई विधवा आहे ना! पदर आणि अंबाडा यांच्यात अंतर ते केवढं, पण तेवढ्याशा जागेत आमच्या गावाची सगळी इज्जत बसलेली.

आणि तिला नेमकं तेच हवं होतं. "आक्का, मला बाकी काय नको. एकदा केसात झेंडू घालून स्टँडपर्यंत जाऊन यायचंय बघ," असं ती मला म्हणायची आणि आम्ही दोघी खुदूखुदू हसत सुटायचो. कारण झेंडू हे काय डोक्यात घालायचं फूल आहे? माळायचा तो मोगरा, शेवंती, अबोली. झेंडू दाराला, बैलाला नाहीतर ट्रॅक्टरला. पण ही नेवाशाकडची, पाटपाण्याच्या गावातली. आमच्या कोरड्या पाथर्डी तालुक्यात नांदायला आली, विहिरीच्या घोटभर पाण्यावर आम्ही फुलवलेला झेंडूचा मळा तिनं बघितला आणि येडी झाली. तोडणीला गेली की पहिलं फूल कॅरेटमध्ये नाही, डोक्यात! भावजी सुट्टीवर आले की तिला हाक मारायचे, "ओ दसऱ्याचा ट्रॅक्टर!" ती लटकं रागवायची आणि आणखी एक खोवायची.

भावजी शेवटचे आले ते पेटीतून. दिवाळी नुकतीच झाली होती आणि दिवाळीनंतर झेंडूला कुत्रं विचारत नाही. आमच्या रानात फुलं तशीच उभी होती. सगळं गाव रस्त्याच्या कडेला गोळा झालेलं, पण हार आणायचं कुणाच्या ध्यानात नाही. शेवटी आमच्या ह्यांनी मळ्यातून कॅरेटं भरून आणली आणि रस्त्यावरच ओतली. लोकांनी ओंजळी भरभरून पेटीवर फुलं वाहिली. एका म्हाताऱ्याच्या हातात एक फूल उरलं, ते त्यानं सदऱ्याच्या काजात अडकवलं. त्याचं बघून शेजारच्यानं, त्याचं बघून पलीकडच्यानं. ऊसतोडीच्या टोळ्या त्याच दिवशी कारखान्यांना निघायच्या होत्या, त्यांचे ट्रक भरून उभे होते. ती माणसंही फूल लावूनच गेली. पुढं आठवड्यानं एका तोडणीवाल्या बाईचा फडातून फोन आला. म्हणाली, "फूल पार वाळलं, पर काढूशी वाटंना. हितली मान्सं इचारत्यात ह्ये काय, तर सांगतो आमच्या गावचा गडी गेला." पेटी आली तेव्हा मी दगडासारखी उभी होते, पण तो फोन ऐकला आणि ढसाढसा रडले.

असा तो झेंडू. कुणी सांगितला नाही, कुणी विकला नाही.

मग त्याच्यात पुढारी आले. आमच्या गावाला एक युवा नेते आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. भाऊंना पंचायत समितीचे सभापती व्हायचंय आणि ते होईपर्यंत गावाला झोप मिळणार नाही. त्यांनी तो दिवस हातात घेतला. मंडप आला, डीजे आला, टेम्पोभर प्लास्टिकचे झेंडू आले. बॅज असा की मधोमध पिवळं फूल, त्यात भावजींचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि खाली भाऊ हात जोडून, चांगले ऐसपैस. स्टँडवरच्या हॉटेलात पाटी लागली, फूल दाखवा आणि मिसळीवर पापड फुकट. मोबाईलवाल्यानं तर शहीद स्मृती ऑफर काढली, कव्हरवर काच फ्री. काय बोलायचं? शाळेतले एक गुरुजी बिचारे बिनफुलाचे आले, तर पोरांनी त्यांना घेरलं, तुमचं देशावर प्रेम नाही का म्हणून. बॅज आदल्या दिवशीच वाटले होते आणि गुरुजींनी तो सदरा धुवायला टाकला होता, देशप्रेम त्याच्यावर राहिलं होतं.

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे म्हणतात. मी भाऊंना गाठलंच. म्हटलं, "अहो, हाकेच्या अंतरावर भावजींच्याच घरचा मळा असताना छातीला प्लास्टिक?"

भाऊ म्हणाले, "वहिनी, खरं फूल सुकतं. फोटोत मरगळल्यासारखं दिसतं."

"मानूस बी सुकतंच की भाऊ. म्हणून प्लास्टिकचं आणता का?" मी म्हटलं. भाऊंनी नमस्कार केला आणि दुसऱ्याकडे वळले. त्यांचे हात तसे जोडलेलेच असतात.

त्याच भाऊंच्या पुढाकारानं ग्रामसभेत ठरावही झाला की विधवा प्रथा बंद. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. त्या संध्याकाळी माझी जाऊ हळूच सासूबाईंना म्हणाली, "आत्या, आता माळू का फूल?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं, "ठराव गावानं केलाय. घरात म्या हाय." झालं! जाऊ उठून चुलीपाशी गेली. मला इतका राग आला की मी त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घातलं आणि सगळ्यांना निमूट खायला लावलं.

तर यंदाची गोष्ट.

यंदा भाऊंनी भावजींचा मोठा फ्लेक्स करून आणला, पाथर्डीहून. त्याचं अनावरण करायचं म्हणून पोरांनी पहाटेच तो उभा करून वर तांबडं कापड झाकलं होतं. नेमका भाऊंचा स्वतःचा वाढदिवस दुसऱ्या दिवशी. त्याचाही फ्लेक्स त्याच दुकानातून, त्याच टेम्पोत आला आणि गावाबाहेर फाट्यावर लागला. दुकानात अक्षरं जुळवणारी पोरं आणि इथं बोर्ड लावणारी पोरं, सगळी एकाच वयाची, एकाच झोपेतली.

मंडप गच्च भरला. सासूबाई पुढच्या खुर्चीवर, त्यांच्या शेजारी आम्ही दोघी जावा. तिच्या पदराला बॅज, माझ्या मांडीवर पिशवी. पिशवीत मळ्यातली ताजी फुलं, कारण भावजींच्या फोटोला मी प्लास्टिक वाहत नसते, जग इकडचं तिकडं झालं तरी. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड पडलं, फटाके वाजले, टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग एकेक टाळी गपगार होत गेली.

फ्लेक्सवर भावजी होते, वर्दीत, छान ऐटीत. त्यांच्या आजूबाजूला फुगे. पायाशी तीन मजली केक. आणि वर सोनेरी अक्षरात, हाताएवढं एकेक अक्षर: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!

भाऊंची फ्लेक्सकडे पाठ होती. त्यांनी माईक धरला आणि गळा भरून सुरू झाले, "आजचा हा दिवस अत्यंत दुःखाचा..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला तो माईकसकट, त्यामुळे पलीकडचा पोरगा सगळ्या मंडपाला ऐकू आला. "भाऊऽ, फाट्यावर घोळ झालाय! तुमचा फोटो हाय आन् खाली भावपूर्ण श्रद्धांजली! कुनीतरी सोनईला तुमच्या सासरी कळवलंय. दोन जीपा भरून निघालेत, बायका रडायला लागल्यात!"

भाऊंनी मागं वळून फ्लेक्स बघितला. मग समोर आम्हाला बघितलं. मग माईक तसाच टेबलावर टाकून, धोतराचा सोगा धरावा तसा फेट्याचा शेमला धरून, पळत जाऊन बुलेटवर बसले. गाडी फाट्याकडे गेल्याचा आवाज मंडपात येत राहिला.

माझ्या शेजारी जाऊ पदरात तोंड घालून थरथरत होती. दोन्ही खांदे गदगदा हलत होते. पोरांनी मोबाईल पुढं केले, कुणीतरी म्हणालं, "वीरपत्नीचे अश्रू अनावर झाले हो." आमचे हे मागून कुजबुजले, "अगं, तिला सावर." मी वाकून पदराखाली बघितलं. रडतेय कसली! हसून हसून तिचा जीव चालला होता. मला म्हणाली, "आक्का, केक बघितला का? तीन मजली! ह्यांचा तर वाढदिवस बी कुनाला ठाव न्हाई. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिवला, निम्म्या गावासारखा." मग माझंही सुटलं. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसलो की माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना, आणि सगळं गाव हळहळत राहिलं.

सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी करड्या आवाजात विचारलं, "काय लिवलंय त्या बोर्डावर?"

सरपंच चपला बघायला लागले. निवेदन करणारे गुरुजी पाणी पिऊ लागले. आणि माझी जाऊ उठली. तोंड लाल, डोळे ओले, पदर खांद्यावर. सरळ स्टेजवर चढून टेबलाशी गेली आणि तिनं माईक उचलला. आमच्या घरातली बाई माईकवर कधी बोलली नव्हती, आणि ही तर अजून पुरती हसायची थांबली नव्हती.

"आत्या," ती म्हणाली, "बोर्डावर लिवलंय, आज ह्यांचा वाढदिवस हाय. शुभेच्छा दिल्यात गावानं." सगळे खुर्च्यांत चुळबुळले. "इतकी वर्षं समदे छातीला फूल लावून मला सांगत्यात, ते गेले न्हाईत, अमर हायेत. व्हय ना? मग अमर मानसाच्या बायकूनं फूल का माळायचं न्हाई? आन् आज तर वाढदिवस! नवऱ्याच्या वाढदिवसाला बायकूनं न्हाई नटायचं तर काय सभापतीनं नटायचं?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच दाबलं. तिनं पदराचा बॅज काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे हात केला. "आक्का, पिशवी."

मी पिशवी घेऊन वर गेले. खोटं कशाला सांगू, आत कुणीतरी ढोल वाजवतंय असा आनंद झाला होता. पिशवीतून तिनं सगळ्यात मोठा, टपोरा केशरी झेंडू निवडला आणि दोन्ही हात मागं नेऊन अंबाड्यात खोवला. भर मंडपात, सगळ्या गावासमोर. मग मान ताठ करून उभी राहिली. हसणं आता थांबलं होतं.

आणि सासूबाई उठल्या.

माझ्या मनात आलं, संपलं. आता सगळ्यांदेखत फूल ओढून फेकणार. मी मधे पडायला पदर खोचला, मग घर मोडलं तरी बेहत्तर. सासूबाई काठी टेकत वर चढल्या. सुनेच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. तिच्या केसांना हात घातला.

"वाकडं खवलंयस," त्या म्हणाल्या. फूल काढून त्यांनी नीट मधोमध, देठ आत सरकवून बसवलं. मग माझ्याकडे वळून हात पुढे केला. "दे एक."

"कुनाला, आत्या?"

"मला. माझ्या लेकाचा वाढदिवस हाय न्हवं?"

मामंजी गेले तेव्हा सासूबाई ऐन तारुण्यात होत्या. त्यांच्या केसांत फूल मी तर सोडाच, आमच्या ह्यांनीही कधी पाहिलं नव्हतं. मी पिशवीतला एक लहानसा झेंडू काढला. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. जावेनंच तो लावला. खाली बायकांत कुजबुज झाली. मग हौदाशेजारची म्हातारी उठली, तिच्या मागं किराणा दुकानवाल्याची आई, मग टोळीवर जाणारी एक तरणी पोर, नवरा मागच्या वर्षी गेलेली. टेबलापुढं रांगच लागली. माझी पिशवी बघता बघता रिकामी झाली. आमचे हे गर्दीतून बाहेर पडले, मोटरसायकल काढली आणि मळ्यात गेले, आणखी फुलं आणायला. बॅजचं खोकं तिथंच पडलं होतं, त्याच्यावर कुणाची तरी चप्पल पडली होती.

घरी आम्ही तिघी चालत आलो, स्टँडवरून, मधल्या रस्त्यानं. माझी जाऊ पुढं, नव्या नवरीसारखी इकडंतिकडं बघत, हॉटेलवाल्याला मुद्दाम हाक मारत. मी मधे. सासूबाई मागून. त्यांचे केस फार विरळ झालेत, फूल काही केल्या ठरेना. म्हणून त्या एक हात डोक्यावर दाबून चालत होत्या, दुसऱ्या हातात काठी. पारावरची माणसं बघत होती.

मी मागं वळून म्हटलं, "आत्या, हात भरून यील. सोडा की."

"पडंल," त्या म्हणाल्या, आणि घर येईस्तोवर त्यांनी हात काढला नाही.