नायगावचा आवाज

लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी सासरच्यांना प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मुलगी शाळेत विज्ञान शिकवते, स्वयंपाक बरा करते आणि तिला रेडिओचा नाद आहे. सासरच्यांना वाटलं, गाणी ऐकत असेल. मग मी उदगीरच्या घराच्या गच्चीवर दोन लोखंडी पाइप उभे केले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तार ताणली. दुसऱ्या सकाळी सासूबाईंनी तिच्यावर धुणं वाळत घातलं. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणते, मीही म्हणते. "एवढी चांगली तार रिकामी कशाला ठिवायची गं?" अव्वांनी विचारलं. मी नवी सून, काय बोलणार. धुण्यासाठी दुसरी दोरी बांधून दिली.

ती तार म्हणजे माझा एरियल. मी हौशी रेडिओवाली, आम्हाला हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा दिली की परवाना मिळतो आणि घरबसल्या आपल्या सेटवरून दूरच्या दुसऱ्या परवानेवाल्याशी बोलता येतं. हातात फोन असताना हा उद्योग कशाला, हे मला निम्म्या उदगीरने विचारून झालंय. उत्तरं देऊन मी थकले. आता उलट विचारते, बाजारात भाकरी मिळते तरी घरी का थापता?

हा नाद लावला नायगावच्या काकांनी. काका म्हणजे वडिलांचे मित्र. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि गावाकडे शेती बघत राहिले. काकू गेल्यापासून घरात एकटेच. मी उदगीरला आले तेव्हापासून रोज सकाळी शाळेला निघण्याआधी सेट लावते, तिकडून काका येतात, आणि आम्ही पाऊस, सोयाबीन, त्यांचा गुडघा, माझ्या वर्गातली टारगट कार्टी असलं काहीबाही बोलतो. आमच्यात समोरच्याच्या आवाजाला मार्क द्यायची पद्धत आहे. स्पष्टतेला पाचपैकी, जोराला नऊपैकी; अगदी स्वच्छ आणि खणखणीत आला तर पाच-नऊ. काका या बाबतीत महाकंजूष. मला पाच-सातच्या वर त्यांनी कधी दिले नाहीत. "पाच-नऊ देवासारखं आसतंय पोरी, कुणालाबी वाटत फिरायचं न्हाई," असं म्हणायचे.

फोनवर का नाही बोलत, तर काकांना कमी ऐकू येतं. कानातल्या यंत्राजवळ फोन नेला की ते शिट्टी मारतं. मग आमचं संभाषण म्हणजे "काय? जोरात बोल!" एवढंच. पण रेडिओचे ते जुने हेडफोन चढवले की त्यांना तिकडे मुंगी चाललेलीसुद्धा कळते. ते हेडफोन म्हणजेच त्यांचे तरुणपणापासूनचे कान, अजून शाबूत.

गेल्या श्रावणात मला डेंग्यूने गाठलं. लातूरच्या दवाखान्यात होते. प्लेटलेट उतरत गेल्या, डॉक्टर नवऱ्याला बाजूला घेऊन बोलायला लागले, आणि मला ते सगळं कळत होतं. वाचले. घरी येऊन सकाळी पहिल्यांदा सेट लावला, तर काकांच्या जागी नुसती खरखर! जात्यात खडे भरडावेत तशी. तिच्याखाली कुठेतरी माणूस बोलतोय एवढंच जाणवायचं, शब्द एकही नाही. गोंगाट माझ्या बाजूला होता, त्यामुळे माझं बोलणं त्यांना व्यवस्थित जात होतं. मला मात्र त्यांचं काही येत नव्हतं. मी रोज माइकवर सांगायची, "काका, ऐकू येत नाही." आणि रोज तेवढाच वेळ खरखर ऐकत बसायची.

अशातच त्यांच्या पुतण्याचा मेसेज आला. दसऱ्यानंतर काका कायमचे हैदराबादला मुलाकडे जाणार. फ्लॅट सातव्या मजल्यावर आणि सोसायटीत एरियल लावू देत नाहीत. अंगणातला एरियलचा खांब उतरवायचा, सेट कपाटात जायचा. मला रडूच आलं. या माणसाचा आवाज मी रोज सकाळी चहासारखा घेत आले होते. तो बंद होण्याआधी मला एकदा तरी नीट ऐकायचा होता. नंतर कुठे ऐकणार?

गोंगाट शोधायची आमची पहिली रीत सोपी असते. घराची वीज पूर्ण बंद करायची आणि सेट बॅटरीवर चालवून बघायचा. खरखर थांबली तर चोर घरात, नाही थांबली तर बाहेर. एका रविवारी दुपारी मी मेन स्विच पाडला, नवऱ्याकडून इन्व्हर्टर बंद करवून घेतला. फ्रीज, पंखे, सगळं मुकं झालं. मधल्या घरात खिडकी नाही, तिथे अंधार. देवघरातला दिवा तेवढा तेवत होता, त्याच्याच उजेडात मी सेटपर्यंत चाचपडत गेले. खरखर जशीच्या तशी. म्हणजे चोर बाहेर, यात शंकाच नाही.

मग मी गल्लीवर घसरले. डाळ मिलच्या मालकाला मोटारींबद्दल चार शब्द सुनावले. शेजारच्या डेअरीवाल्याला त्याची रंगीत पाटी बंद करायला लावली. बिचाऱ्याने तीन संध्याकाळी काळोखात दूध विकलं आणि फरक शून्य. "वैनी, आता म्या पन बंद हू का?" तो म्हणाला.

ऐकून चोर सापडत नसेल तर तो दिसायला हवा. त्याला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लागतो. रेडिओ एका वेळी एकच जागा ऐकवतो. हे यंत्र आजूबाजूच्या सगळ्या लहरी पडद्यावर एकदम दाखवतं. जिथे जोर जास्त तिथे सुळका उंच. नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी एकदा तो पाहिला होता, टेबलभर पसरलेला, आणि त्याची किंमत ऐकून मुकाट्याने हात मागे घेतला होता. पण आता मोबाइलएवढे छोटे निघालेत, हौशी लोकांना झेपतील असे. लातूरच्या एका हॅमने सांगितलं, "बिनधास्त घ्या, फक्त नकली माल लई सुटलाय, दुकान बघून घ्या." आठवडाभर मी शाळेच्या मधल्या सुट्टीत मोबाइलवर दुकानांची पानं चाळत बसले. छोट्या पडद्याचा स्वस्त होता, मोठ्या पडद्याचा थोडा महाग. मला चाळिशी लागलीय. मी मोठा घेतला आणि नवऱ्याला सांगितलं की दिवाळीला मला साडी नको.

"लिहून दे," नवरा म्हणाला.

पार्सल मोंढ्यात नवऱ्याच्या आडतीवर आलं, कारण घरी अव्वा कुरिअरवाल्याला बसवून घेऊन त्याचं लग्न जमवायला लागतात. पोत्यांच्या थप्पीवर बसून मी ते उघडलं. पडद्यावर एफएम स्टेशनचे सुळके उठले तशी हमाल मंडळी भोवती जमली.

"वैनी, ह्याच्यात उद्याचा भाव दिसतो का ओ?" एकाने विचारलं.

"दिसला असता तर मी शाळेत गेले असते का?" मी म्हणाले, आणि नवऱ्यासकट सगळे हसले.

काकांनी पुतण्याकडून तेवढ्यात ताकीद पाठवली होती: सेटची तार चुकूनही त्या यंत्रात खुपसून माइक दाबू नको, एका फटक्यात जळेल. यंत्र आज येणार असल्याचं मी त्यांना सकाळी माइकवर सांगितलं होतं. म्हणजे ते अजून रोज सकाळी ऐकत होते.

घरी येऊन तांब्याच्या तारेचं एक वेटोळं केलं आणि यंत्राला जोडलं. माझ्या चोराचा आकार पडद्यावर लगेच दिसला. सुळका नव्हता, पसरट टेकाड होतं. मी ते हातात धरून निघाले. डाळ मिलच्या फाटकापाशी गेले, टेकाड बसलं. डेअरीपाशी थोडं उठलं. मला वाटलं, सापडला! डेअरीवाल्याने मला पाहून आधीच हात जोडले. पण मी आणखी पुढे गेले तर टेकाड पुन्हा खाली, आणि मागे वळून आमच्या दाराकडे येईन तसं वर, वर, वर. उंबरा ओलांडला, मधलं घर ओलांडलं, आणि देवघराच्या दारात टेकाड पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुसरं काय म्हणू?

अव्वा जप करत बसल्या होत्या. काचेच्या आड दिवा तेवत होता. मी दारातूनच रोज बघते तो दिवा. आज वाकून पाहिलं. ज्योत प्लास्टिकची होती! आतला छोटा बल्ब फडफडत होता. समईच्या बुडातून एक वायर मागे जात होती, तिथे एक बॅटरी आणि एक काळी डबी, आणि डबीतून दुसरी वायर सरळ वर गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे लपवलेल्या सोलरच्या फळीकडे. माझ्या एरियलच्या अगदी खाली. मी यंत्र डबीजवळ नेलं आणि पडदा पांढरा झाला.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

नवरा दारात येऊन उभा राहिला आणि पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. वर्गात माझी कार्टी असंच करतात.

"काढून टाकते मी हे आत्ताच्या आत्ता," असं म्हणून मी वायरीला हात घातला. अव्वा, ज्या कधी आवाज चढवत नाहीत, त्यांनी माझं मनगट धरलं.

"हात लावू नगंस! त्यो विझवायचा न्हाई."

"का पण?"

अव्वांनी माझं मनगट सोडलं नाही. मग नवराच बोलला. मी लातूरला पडले होते तेव्हा अव्वांनी नवस बोलला होता, सून घरी येऊ दे, आजपासून वर्षभर देवापुढचा दिवा विझू देणार नाही. आधी तेलाचाच लावला. पण वाऱ्याने विझेल या धास्तीने त्या रात्रभर उठून बघत राहिल्या, त्या गुडघ्यांनी. त्याला बघवेना. म्हणून त्याने लाइट गेली तरी न विझणारा दिवा करून आणला.

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"नवस फिटंपतुर बोलून दाखवायचा नसतोय," अव्वा म्हणाल्या. "आन तू शाळेची मास्तरीण. हसली असतीस."

हसलेच असते, खरंय. तेव्हा मात्र मी तिथेच फरशीवर बसले आणि अव्वांच्या मांडीत डोकं घालून रडले. माझा पाच फुटी नवरा, एवढ्या पोत्यांचा हिशेब तोंडपाठ असलेला, तोही डोळे पुसत होता.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. दिवा निर्दोष होता, गोंगाट सोलरची वीज बॅटरीत भरणाऱ्या त्या डबीचा. मी माझ्या रेडिओची मोठी बॅटरी उचलून आणली. तिला मी जुन्या जडशीळ चार्जरवर भरते, तो चूं करत नाही. आधी तिच्या तारा दिव्याला जोडायच्या, मग डबीच्या सोडवायच्या, म्हणजे दिव्याला कळणारही नाही. अव्वांना समजावून सांगितलं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले आणि हात जोडले. मी जोडलं, सोडवलं. पडद्यावरचं टेकाड सपाट झालं.

"विझला का गं?"

"नाही, अव्वा. डोळे उघडा."

दुसऱ्या सकाळी दिवा आणि सेट एकाच बॅटरीवर होते. मी बटण फिरवलं आणि कानात, किती दिवसांनी, "गुड मॉर्निंग पोरी, आज बी येत न्हाई काय ऐकू?" ते रोज असंच बोलत आले होते तर. मला ऐकू येत नाही हे माहीत असून रोज.

"येतंय काका! पाच-नऊ!" मी म्हणाले.

"आगाऊपणा करू नको. कशाचा होता गोंगाट?"

मी सगळं सांगितलं. डाळ मिल, डेअरी, देवघर, नवस. मग काका म्हणाले, "मंग त्या दिव्यापायी म्या जाईपतुर ऐकू आलो नसतो तरी बी चाललं असतं, पोरी."

मी उत्तर द्यायला माइकचं बटण दाबलं आणि आधी वळून दिव्याकडे पाहिलं. दाबलेलं बटण तसंच राहिलं. मागे देवघरात अव्वांची पूजा संपत आली होती, त्यांनी घंटी वाजवली. मी बटण सोडलं.

"घंटी आली," काका म्हणाले. "पाच-नऊ."