झाईला विणलेली टोपी

नोव्हेंबरात नाशिकची माणसं शाली काढतात, मी सुया काढते. शनिवार-रविवार म्हणजे गॅसवर काहीतरी रटरटत असायला हवं आणि मांडीवर लोकरीचा गुंडा हवा, असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. २०१७ च्या दिवाळीनंतर मात्र अविनाशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बंड केलं. "एक सुट्टी तुझ्या बरण्यांशिवाय काढू. समुद्रावर जाऊ." मी लगेच हो म्हटलं, कारण घोलवडचे चिकू सुरू झाले असणार आणि तलासरीच्या बाजारात डोंगरचे आवळे आले असणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. लोकर गुपचूप सीटखाली सरकवली. त्याने ती पाहिलीच. समुद्राला स्वेटर घालणार आहेस का, एवढंच विचारून त्याने गाडी सुरू केली.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, चारोटी असा आमचा रस्ता. मोखाड्याच्या आसपास तो चांगलाच उखडलेला होता, छोटी गाडी असेल तर जपून. जव्हारला गरम बटाटेवडा आणि चहा घ्या, पुढे बराच वेळ धड काही मिळत नाही. भात कापून झालेलं होतं, खाचरांत नुसती धसकटं आणि कडेला पेंढ्याच्या उडव्या. चारोटीहून सरळ डहाणूला उतरता येतं, पण आम्ही हायवेने वर तलासरीला गेलो. कारण अर्थातच आवळे.

बाजारात बायका वाटे लावून बसल्या होत्या. कंद, वाल, लिंबं आणि एका कोपऱ्यात हिरवेगार, टपोरे आवळे.

"घे ना बाय, डोंगरचं हाय," आवळेवाली म्हणाली.

"हा सगळा वाटा द्या. आणि तोही."

"दुकान हाय का तुमचं?"

"घरातच आहे," अविनाश म्हणाला, आणि पिशवी उघडून उभा राहिला.

तलासरीहून किनाऱ्याकडे वळलं की हवा बदलते, ताडाची झाडं दिसायला लागतात. झाई हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं अगदी वरचं गाव. आमच्या फोनांना तर ते मान्यच नव्हतं, गावात शिरताच दोघांनाही 'गुजरातमध्ये स्वागत' असा मेसेज आला. मैत्रिणीने दिलेल्या पत्त्यावर कल्पनाचं घर सापडलं. वरची एक खोली ती पाहुण्यांना देते. खिडकीतून समुद्र, जेवणासकट दिवसाचे बाराशे, न्हाणीघर खाली. अंगणात बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. वास येतो. ज्यांना चालत नसेल त्यांनी बोर्डीला राहावं, आम्हाला पहिल्या तासाभरानंतर तो जाणवलासुद्धा नाही.

जेवायला ओले बोंबील तळलेले, तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. वाढायला कल्पना, समोर तिचा नवरा जगन. पन्नाशीच्या अलीकडचा, हाडापेराने मजबूत, बोलायला कमी. गुजरातच्या एका मोठ्या बोटीवर तो खलाशी होता. पावसाळा ओसरला की जायचं, दिवाळीला यायचं, परत जायचं ते होळीला उगवायचं, असं त्याचं वर्ष.

"दिवाळी तर केव्हाच झाली," अविनाश म्हणाला.

"हो ना. बाकीचे गेले. तांडेलचे फोनवर फोन चाललेत." तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. "सोमवारची गाडी हाय माझी. पन लोणचं नाय झालं अजून. टोपी पन नाय झाली."

खोल समुद्रात पहाटेचा वारा कान कापतो, म्हणून लोकरीची माकडटोपी हवी. आणि रोज मासे-भात खाऊन जीव विटतो, म्हणून घरचं लोणचं हवं. गेल्या मोसमात त्याची टोपी वाऱ्याने नेली होती. कल्पनाने नवी विणायला घातली होती, पण ती चार बोटांवरच अडकून खुंटीच्या पिशवीत पडली होती.

लोणचं आणि टोपी! माझ्या अंगात वारंच शिरलं. म्हटलं, आवळे गाडीत आहेतच, हे दोन्ही माझ्यावर सोपवा.

"राहू द्या ताई, तुमी फिरायला आलात," कल्पना म्हणाली. मला तो भिडस्तपणा वाटला.

"आणि आवळे मुरायला पंधरा दिवस लागतात," ती पुढे म्हणाली.

"पंधरा दिवस कशाला? वाफवून करू. उद्या खाता येतं."

मोहरीची डाळ संपली, म्हणाली. गाडीतल्या माझ्या मसाल्याच्या डब्यात होती. बरणी धुतलेली नाही, म्हणाली. मी धुतली, पुसली आणि उन्हात पालथी घातली. वाचकहो, पद्धत सोपी आहे. आवळे वाफवायचे, गार झाले की पाकळ्या सुट्या करून बी काढायची. मोहरीची डाळ, भाजलेली मेथी, हिंग, तिखट आणि हात न आखडता मीठ. वरून लिंबाचा रस आणि कडकडीत तापवून पूर्ण निवलेलं तेल, पाकळ्या बुडतील इतकं. पाण्याचा थेंब लागू दिला नाही आणि वर तेल राहिलं तर दीड-दोन महिने सहज टिकतं. उन्हं कलायच्या आत बरणी भरून, फडकं बांधून तयार होती.

"झालं पन?" कल्पना म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, मी बरणीकडे पाहत होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर बसून टोपी हातात घेतली. एक सुलट, एक उलट, कडेला दुपदरी पट्टी. भरतीबरोबर छोट्या होड्या परत येत होत्या. जगनच्या मोठ्या भावाची होडी आली तशी त्याची बायको टोपली घेऊन गुडघाभर पाण्यात गेली. दोघांचं काहीतरी हसणं-खिदळणं चाललं होतं. कल्पना माझ्याशेजारी उभी होती.

"भावजी रोज रात्री घरी जेवतात," ती म्हणाली. "त्यांना पन एक हात लागतोच होडीवर."

मी "हं" म्हटलं आणि टाके मोजले.

रविवारी सकाळी चहाबरोबर टोपी जगनच्या डोक्यावर चढवली. कपाळ, कान, हनुवटी, सगळं जिथल्या तिथे. अविनाशनेही टाळी वाजवली. जगनने आरशात पाहिलं, मान इकडेतिकडे वळवली.

"कानाला घट्ट लागते, ताई."

मला घट्ट दिसत नव्हती. पण डोकं त्याचं, म्हणून कानापर्यंत उसवली आणि टाके वाढवून गाडीत पुन्हा विणायला घेतली. आम्ही घोलवड, चिखले, नरपड करत खाली डहाणूपर्यंत जाऊन यायचं ठरवलं होतं. हा रस्ता दुतर्फा वाड्यांचा आहे, सावकाश चालवा. घोलवडच्या एका वाडीत लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून चिकू उतरवत होते. जाळीत अलगद आलेलं फळ पेटीत जातं. खाली पडून मार लागलेलं कापून, चकत्या करून वाळवतात. वाडीतल्या बाईंनी आम्हाला त्या चकत्या चाखायला दिल्या. चिवट, गोड, खजुराच्या जवळच्या. चिकूत आंबटपणा नसतो, म्हणून त्याचा जॅम करायचा तर लिंबू सढळ हाताने पिळावं लागतं, हे मी बाईंना सांगितलं आणि त्यांनीही ते मनावर घेतलं. नरपडला आम्ही नुसते सुरूच्या झाडांच्या सावलीत बसलो. परतेपर्यंत टोपी पुन्हा तयार.

जगनने घातली. "आता ढिली वाटते. डोळ्यावर येते."

आता सांगते. पस्तीस वर्षं मी विणते आहे. बाळंतविड्यापासून सासऱ्यांच्या कानटोपीपर्यंत घरातलं प्रत्येक डोकं माझ्या सुयांखालून गेलंय. माप माझं चुकत नाही. एकदाही नाही, आणि त्या माणसाच्या डोक्यावर तर ती टोपी दोन्ही वेळा नीट बसली होती. म्हणजे टोपी बरोबर होती आणि जगन खोटं बोलत होता. भल्या माणसाने टोपीबद्दल खोटं का बोलावं?

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. कल्पना आमच्यासाठी वाटेचा डबा भरत होती.

"कल्पना, त्यांना जायचं नाहीये का?"

तिचा हात थांबला. मग तिने दार जरा लोटलं आणि हळू आवाजात सांगितलं. गेल्या वर्षी शेजारच्या गावातल्या पोरांची बोट देशाच्या सागरी हद्दीपलीकडे गेली आणि पकडली गेली. पोरं अजून तिकडच्या तुरुंगात होती. जगनची बोटही त्याच पाण्यात जायची. तो गेल्यापासून येईपर्यंत कल्पनाला धड झोप नव्हती.

"मग बोल ना त्यांना."

"आमच्यात बोलत नाय, ताई. दर्यावर जानाऱ्याला मागं नाय बोलवायचं. कधी येशील ते पन नाय विचारायचं. वाईट असतं." तिने डोळे पुसले. "म्हनून मी लोणचं लांबवत होते. टोपी पन. ते बी काय घाई करत नव्हते, तेवढंच बरं वाटत होतं. मग तुमी आलात."

मग मी आले. मसाल्याचा डबा घेऊन, सुया घेऊन, एका दिवसात दोन्ही कामं उरकून आले. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की डब्यातली भाकरी तशीच हातात धरून मी उभी राहिले.

पण गप्प बसणं मला येत नाही, आणि त्यांचा नियम पाहुण्यांना लागू नव्हता. मी बाहेर आले. अविनाश आणि जगन ओटीवर बसले होते, टोपी मध्ये. कल्पना माझ्यामागे दारात येऊन उभी राहिली.

"जगनभाऊ, टोपी बरोबर आहे. सकाळीही बरोबर होती. तुम्हाला जायचंय का नाही, तेवढं सांगा."

अविनाशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लोकांच्या देवघरात चपला घालून शिरले. जगनने टोपी उचलली, फिरवली, परत ठेवली.

"तांडेलला शब्द दिलाय," तो म्हणाला.

"ते मी विचारलं नाही."

मग तो कल्पनाकडे न बघता म्हणाला, "घरात कोन काय बोललं नाय. मला वाटलं, हिचं काय म्हननं नाय."

"मी कशी बोलू?" दारातून कल्पना म्हणाली. तेवढंच.

जगनने मान खाली घातली. अविनाश उठला आणि घाट अंधाराआधी चढायला हवा म्हणून सामान गाडीत टाकायला लागला. तो असा उठला म्हणून मी त्याच्यावर पुढचे कितीतरी दिवस खूश होते. नवरा-बायकोच्या मध्ये आमची गरज नव्हती.

निघताना कल्पनाने चिकूची पिशवी दिली. मग ती ओटीवर गेली, जगनच्या शेजारची टोपी उचलली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत माझ्या पिशवीत चिकूंच्या खाली सारली. त्या घरात जे बोलायची सोय नव्हती ते तिने हाताने बोलून टाकलं होतं. जगन बघत राहिला. शेवटी म्हणाला, "उरलेली लोकर पन दे त्यांना. पडून राहील."

परतीचा रस्ता तोच. जव्हारच्या पुढे धुकं होतं, दिवे लावून हळू या. दोन दिवसांचा आमचा सगळा खर्च पेट्रोल धरून एखाद्या रिसॉर्टच्या एका रात्रीपेक्षा कमी झाला. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, तलासरीचा बाजार सकाळीच गाठा, आणि पाहुणे म्हणून गेलात तर यजमानांची कामं उरकायच्या आधी ती का अडली आहेत ते बघा. हा शेवटचा सल्ला मी स्वतःलाही दिला आहे. तो किती टिकेल, याबद्दल अविनाशचं मत वेगळं आहे.

घरी आल्यावर चिकूच्या चकत्या केल्या, गच्चीवर वाळवल्या. टोपी टेबलावर होती. सोमवार गेला. फोन करावासा वाटत होता, पण विचारणार काय? तो गेला असेल तर त्यात माझ्या बरणीचाही हात होता, आणि नसेल गेला तर दिलेला शब्द मोडल्याचं ओझं त्या दोघांनी कसं पेललं असेल कोण जाणे. एरवी मला आपलं बरोबरच होतं असं वाटतं. त्या आठवड्यात तसं वाटलं नाही.

शनिवारी दुपारी मी ओट्याशी उभी असताना फोन वाजला. कल्पना. चिकू गोड निघाले का, गाडीचा त्रास झाला नाही ना, साहेब बरे आहेत ना, सगळं विचारून झालं. मीच धीर करून म्हटलं, "आणि जगनभाऊ?"

"दर्यावर गेलेत."

मी गॅस बंद केला.

"भावजींच्या होडीवर," ती म्हणाली. "संध्याकाळी येतील."