ठकूचा राब

प्रणयला तो पाल्याचा नुसता ढीग वाटला. शेणव्याच्या वरच्या वाडीला लागून, मे महिन्याच्या उन्हात करकरीत वाळलेला, आजूबाजूला मालक-बिलक कुणी नाही. सिनेमाच्या शूटिंगमध्ये कचरा होऊ नये म्हणून कंपनीने प्रणयला खास नेमलं होतं. थर्माकोलऐवजी याच पाल्याने नायिकेची झोपडी शाकारायची, ही कल्पना सुचली आणि तो स्वतःवरच खूश झाला. दुपारपर्यंत झोपडी उभी. दिग्दर्शकाने पाठही थोपटली.

उन्हं उतरताना ठकू आली.

ठकू ठाकरवाडीची, साठीपलीकडची. तिचा राग शेणव्यापासून पार म्हशाच्या जत्रेपर्यंत ओळखीचा. जत्रेत एकाने म्हातारा बैल तरणा म्हणून तिच्या गळ्यात मारायला काढला, तर तिने आधी बैलाचा जबडा उघडून झिजलेले दात पाहिले आणि मग व्यापाऱ्याला म्हणाली, "आता तू आ कर!" नवरा गेल्यापासून ती शेत एकटीच कसते. तो ढीग म्हणजे तिचा राब. थंडीत झाडांवर चढून तोडलेल्या फांद्या, डोक्यावरून वाहिलेले भारे. पेरणीआधी ते पसरून जाळायचे आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप टाकायचं. राब नसला की रोपाआधी गवतच माजतं, मग वर्षभर खायचं काय?

"माझा राब कुनी नेला?"

"मावशी, तो कचरा होता ना? आम्ही त्याचा चांगला वापर..."

"कचरा तुझ्या घरात! मी झाडावर चढलेली, तवा तू कुठं होतास रे?"

समजूत घालायच्या नादात प्रणय बोलून गेला, की पाला जाळणं तसंही वाईटच, केवढा धूर होतो. ठकूने त्याच्यामागे धडधडणाऱ्या जनरेटरकडे बोट केलं.

"आन् ही काय अगरबत्ती लावलीस?"

लाइटवाली पोरं फिस्सकन हसली. ठकू हसली नाही. कमरेचा कोयता काढून ती झोपडीचे बंद सपासप कापायला लागली. आत रडायची तयारी करत बसलेली नायिका पदर सावरत बाहेर पळाली. पाला धडाधड खाली येऊ लागला.

"मावशी, थांबा! एकच शॉट राहिलाय!" प्रणय रडकुंडीला आला. "सिनेमाच्या शेवटी तुमचं नाव टाकतो. आभार म्हणून. अख्खं जग वाचेल!"

ठकूने पहिला भारा करकचून आवळला, उचलला आणि त्याच्याच डोक्यावर ठेवला.

"नाव ऱ्हाऊ दे, शेत त्या अंगाला हाय, चल."