दोन बोटं जास्त

टेलरमास्तरांचा एकच धर्म: कापड कापताना शिलाईत दोन बोटं जास्त सोडायची. "माणूस आज आहे तसा उद्या राहतो थोडाच?" म्हणत त्यांनी अख्ख्या गल्लीच्या पोटांची सोय करून ठेवली होती. नेमका हाच धर्म त्या रविवारी केक करताना नडला.

आता मास्तरांवर केकची पाळी का आली? तर बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि पोरगी लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याला घेऊन घरी येणार. लग्न तिने आपल्या मर्जीने केलं होतं. तेव्हा मास्तर रागाच्या भरात कडाडले होते, "मी त्याचं माप घेणार नाही!" जावयाने बिचाऱ्याने तयार सूट घालून लग्न लावलं, बाह्या पार बोटांवर आलेल्या. तेव्हापासून पोरीचा बापाशी अबोला. फोन यायचा तो आईला. मास्तर आतून झुरत होते, पण चुकलो म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणून हा तिच्या आवडीचा केक.

"एक कप मैदा," बायको खुर्चीतून सांगू लागली. "वरून सुरी फिरवून सपाट करा."

मास्तरांनी सुरी फिरवली आणि तिची नजर चुकवून मूठभर मैदा आणखी ढकलला. साखरेचंही तेच. बेकिंग पावडर सपाट चमचाभर सांगितली होती, यांनी चांगला शिगोशीग भरून चमचा घातला. कमी पडून फजिती नको, हा साधा हिशोब.

केक फुगला. मास्तर खूश. मग तो आणखी फुगला, भांड्याबाहेर आला, खाली सांडून करपला आणि मधोमध बदकन बसला.

"अहो, घातलंत तरी काय?"

"थोडं थोडं जास्तीचं. असावं म्हणून."

"कर्म माझं! केक म्हणजे काय पँट आहे, नंतर उसवून सैल करायला?"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

पोरगी आत आली. बापाच्या भुवयांपर्यंत मैदा बघून तिने हसू दाबलं आणि सरळ आईजवळ जाऊन बसली. जावई मात्र तोच सूट घालून आलेला. केकची काळी कड चावत म्हणाला, "छान झालाय." त्याची लांब बाही बशीतल्या चुऱ्यात लोळत होती. मास्तरांना ते बघवेना. ते उठले, गळ्यातली टेप झटकली, मैद्याचा ढग उडाला.

"उभे राहा, जावईबापू. हात बाजूला घ्या." छातीभोवती टेप फिरवता फिरवता ते पोरीकडे वळले. "तेव्हाच घ्यायला हवं होतं. चुकलो मी, पोरी. छत्तीस. आणि शिलाईत दोन बोटं जास्त."

पोरीने पदराच्या टोकाने डोळे पुसले.

"चार सोडा, बाबा. आता आम्ही दर रविवारी जेवायला येणार. केक मात्र आईच करेल."