माझा डोळा, मला सांगा

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या साली ज्वारीच्या खळ्यावर त्यांचा पाय दोनदा भरल्या टोपल्यात पडला, आणि एकदा तर त्या सरळ बैलाच्या अंगावर जाऊन धडकल्या. डाव्या डोळ्याला काहीच दिसत नाही, हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. कपाळ ठणकतं म्हणून सुंठ उगाळून लावायच्या, आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायच्या.

माझे मालक त्यांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. निजामाचं राज्य होतं, दवाखान्याचा सगळा कारभार उर्दूत. परत आले तेव्हा मालकांच्या हातात औषधाची बाटली होती.

"डाक्टर काय म्हनला?" मी विचारलं.

"थेंब दिलेत. बरं व्हईल." एवढंच बोलून ते बैल सोडायला गेले.

आत्याबाई ओट्यावर टेकल्या. म्हणाल्या, "माझ्याशी कुनी बोललंच न्हाई बग. डोळ्यात उजेड टाकून बगितलं, मला भाईर बसिवलं, अन ह्याला आत बोलवून दार लावलं."

दोन महिने मी थेंब घातले. मग एक दिवस त्या म्हणाल्या, आता उजव्या डोळ्यानंही कडं दिसतंय. मी मालकांना पुन्हा विचारलं, तर ते खेकसले, "एकदा सांगितलं न्हवं!" पण खेकसताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यावरून मी ओळखलं, की ह्यांना काहीतरी ठाऊक आहे.

बाजारच्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीत बसून आम्ही दोघीच तालुक्याला गेलो. ओसरीत पाच-सहा बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. खिडकीत कंपौंडर होता.

"घरचा मर्द कुठंय?" त्यानं विचारलं.

"शेतात," मी म्हणाले. "ह्यांच्या डोळ्याला काय झालंय, तेवढं सांगा."

"मर्दाला धाडून द्या. बायामान्साला आजार सांगत न्हाईत. कायदा हाय." त्यानं भिंतीवरच्या फळीकडं बोट केलं. तिच्यावर पांढऱ्या अक्षरात उर्दू लिहिलेलं होतं. मला त्या वेळी मराठीसुद्धा धड वाचता येत नव्हतं, उर्दू तर दूरच.

आत्याबाई पुढं सरकल्या. "डोळा माझा. ठणका मला लागतो. अन सांगायचं माझ्या लेकाला?"

"रजिस्टरात लिहिलंय सगळं. रजिस्टर सरकारी हाय. मावशे, रांग सोड."

भिंतीपाशी एक बुरखा घेतलेली बाई बसली होती. तहसीलीतल्या कारकुनाची बायको, हे मला मागाहून कळलं. तिलाही सकाळपासून तेच ऐकवलं होतं, नवऱ्याला घेऊन ये. ती उठली, फळीपाशी गेली, तोंडावरचा पडदा वर केला आणि मोठ्यानं वाचू लागली. एक ओळ उर्दूत वाचायची आणि आम्हाला कळेल अशा मोडक्या मराठीत सांगायची. दवाखाना कधी उघडतो. बाटली आपली आणावी. रांग मोडू नये. ओसरीत थुंकू नये. देवी काढायचा, म्हणजे लस टोचायचा, वार कोणता. गरिबाला औषध फुकट. आणि शेवटची ओळ, तक्रार असेल तर थेट डॉक्टरसाहेबांना सांगावी.

ती वळली. "मर्द का तो इसमें नाम बी नईं."

कंपौंडर म्हणाला, "फळी जुनी हाय. नवा हुकूम वरून आलाय."

"दिखाओ," ती म्हणाली.

त्याच्यापाशी दाखवायला काही नव्हतं. आत्याबाई चाचपडत डॉक्टरच्या खोलीपर्यंत गेल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि ओरडल्या, "तक्रार हाय! तक्रार हाय माझी!" भिंतीजवळच्या बाया हसल्या आणि त्यातली एक त्यांच्यापाशी जाऊन बसली. मग दुसरी. मीही बसले.

डॉक्टर बाहेर आले. हैदराबादकडचे, उतारवयाचे. कंपौंडर काही सांगू लागला तर त्याला त्यांनी थांबवलं. मग आत्याबाईंना म्हणाले, "तुमच्या मुलाला मी सगळं सांगितलं आहे."

"मला सांगा."

"तुम्ही घाबराल."

"घाबरायचं का न्हाई, ते आईकल्यावर मी ठरवीन."

त्यांनी रजिस्टर मागवलं, पान काढलं आणि उभ्यानंच सांगितलं. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्यातही तेच होणार, असं तेव्हाच लिहिलं होतं. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया केली तर तो वाचेल. महिन्याच्या आत न्या, असं मुलाला बजावलं होतं.

तिसरा महिना चालू होता. 

आत्याबाईंनी उंबऱ्यावरूनच विचारलं, "आता गेलं तर?"

"थोडी नजर राहील. किती, ते मी सांगू शकत नाही."

"हां. आसं सरळ सांगायचं," त्या म्हणाल्या आणि माझा हात धरून उठल्या.

घरी मालक दारातच बसले होते. आम्ही कुठं गेलो होतो, हे त्यांना कळलं होतं. मान वर न करता ते म्हणाले, "डोळा चिरत्यात म्हनले, आई. तू त्यातच गेली आसतीस तर?"

"त्ये मला ठरवू द्यायचं व्हतं. लेक हायस माझा, मालक न्हाईस."

चौथ्या दिवशी गाडी जुंपली. शहागडला नावेनं गोदावरी ओलांडली, पुढं जालन्याहून आगगाडी. मालक बरोबर होते.

उजवा डोळा निम्मा वाचला. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. त्या धान्य निवडायच्या, नातीचं तोंड ओळखायच्या. पहिल्याच महिन्यात गेलो असतो तर किती वाचला असता, हे आत्याबाईंनी लेकाला कधी विचारलं नाही. मी विचारलं, आणि एकदाच नाही. मालकांच्या भित्रेपणाची मला कीव यायची, पण राग कित्येक वर्षं गेला नाही, आणि तो मी लपवलाही नाही.

त्यानंतर दर बाजाराला आत्याबाई दवाखान्याच्या ओसरीत जाऊन बसायच्या आणि येणाऱ्या बायांना फळीवरचं पाठ म्हणून दाखवायच्या. कंपौंडर उठवायला आला की विचारायच्या, "ह्यातली कोंची वळ मोडली मी?" मी मात्र पाठांतरावर समाधान मानलं नाही. त्या बुरखेवाल्या बाईंकडं जाऊन मी उर्दू गिरवू लागले.

"बायामान्साला उर्दू कावून लागती?" मालकांनी एकदा विचारलं.

"तुमी सांगत न्हाईत म्हनून," मी म्हणाले. 

तिसऱ्या बाळंतपणाआधी माझ्या पायांना सूज आली, तेव्हा मी एकटीच दवाखान्यात गेले. कंपौंडरनं चिठ्ठी बाटलीला गुंडाळायला घेतली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि खिडकीतच उभं राहून एकेक अक्षर लावत वाचू लागले. मागं रांग खोळंबली होती. दोन शब्दांवर अडले.

"हे काय लिहिलंय?" मी बोट ठेवून विचारलं.

तो खिडकीतून पुढं वाकला. मग त्यानं दोन्ही शब्द वाचून सांगितले.