साडूच्या रोपांवरच्या अळ्या

रोपवाटिकेत सगळे त्याला मुकादम म्हणत. होता तो साधा माळीच. पण पाण्याची नळी कुणी वाकडी धरली तरी लांबून ओरडायची सवय, त्यामुळे हे नाव चिकटलं. जंगलाला लागून असलेल्या संशोधन केंद्रात तो लग्नाआधीपासून कामाला होता. जंगली झाडांचं बी रुजवायचं आणि रोपं पिशवीतून काढून मोठ्या झाडांच्या सावलीत लावायची. या कामात आपला हात धरणारा कुणी नाही, असं त्याला वाटे, आणि बराच काळ ते खरंही होतं.

मग त्याचा साडू ज्या चपलांच्या दुकानात होता, ते बंद पडलं.

"अहो, तुमच्या शब्दाला तिथे वजन आहे म्हणता ना?" बायको म्हणाली. "मग टाका की शब्द. माझी बहीण घर कसं चालवणार?"

वजन आहे हे दाखवायच्या नादात त्याने शब्द टाकला आणि साडू कामावर लागला. गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून आयुष्य काढलेला माणूस तो. कुणाला काय ऐकायला आवडतं, हे त्याला बरोबर कळे. आठवडाभरात केंद्रातली स्वयंपाकीण त्याला चहात जास्त दूध घालू लागली. मुकादमाने ते पाहिलं.

त्याच सुमारास केंद्राच्या संशोधक मॅडमनी नवा प्रयोग मांडला. मातीत कस जास्त असला, तर जंगलातल्या लहान रोपांची पानं किडे जास्त खातात की कमी, हे त्यांना पाहायचं होतं. अर्ध्या वाफ्यांना नत्र, स्फुरद, पालाश असं खत द्यायचं, अर्ध्यांना काहीच नाही. खताचे वाफे साडूकडे गेले, बिनखताचे मुकादमाकडे.

"मॅडम, तो नवा आहे. खताचं माझ्याकडे द्या."

"नवा आहे म्हणूनच त्याच्याकडे," मॅडम म्हणाल्या. "खतावरची रोपं कशीही तग धरतील. उपाशी रोपं जगवायला जाणता माणूस लागतो."

मुकादमाच्या कानात त्यातलं 'उपाशी' तेवढं राहिलं.

साडूची रोपं बघता बघता अंगाने भरली. पानं रुंद, मऊ, हिरवीगार. मुकादमाची रोपं शेजारीच उभी होती, किडकिडीत, चामड्यासारख्या जाड पानांची. पाहुणे आले की सरळ साडूच्या वाफ्यांपाशी थांबत. कुणीतरी त्याचा फोटो काढला. घरी गेल्यावर बायकोने तो मोबाइलवर दाखवला.

"ताईने पाठवलाय. भाऊजी किती छान दिसतायत, नाही?"

"रोपं दिसतायत छान. तो मध्ये उभा आहे," मुकादम म्हणाला आणि ताट पुढे सरकवून उठला.

पाऊस सरला आणि अळ्यांनी साडूच्या रोपांवर धाड घातली. मऊ पान माणसाला बघायला बरं, तसं अळीला खायला. पानांच्या चाळण्या झाल्या. मुकादमाच्या जाड पानांना मात्र एखाददुसरं भोक. त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला. बायकोने विचारलं, "पगार वाढला का?"

दुसऱ्या दिवशी मॅडम साडूच्या वाफ्यात गुडघ्यावर बसल्या होत्या. एकेक पान उलटून बघत होत्या आणि चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"हेच शोधत होते मी! बघा, बघा, काय खाल्लंय!" त्यांनी सगळ्यांना हाक मारली. साडू बाजूला उभा राहून हसत होता. पुन्हा फोटो.

मुकादमाच्या अंगाची लाही झाली. या माणसाची रोपं वाढली तरी कौतुक, कुरतडली तरी कौतुक! मग करायचं तरी काय?

त्याने जे केलं ते त्याला स्वतःलाही हास्यास्पद वाटलं. रोज कुणी यायच्या आत तो जंगलातल्या वाफ्यांपाशी जाई आणि साडूच्या रोपांवरच्या अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकी. वैऱ्याचं वाटोळं करायला निघालेला माणूस त्याचीच रोपं लेकरांसारखी साफ करत होता. पण काम फत्ते झालं. नवी पानं अखंड निघू लागली आणि मॅडमचा चेहरा उतरला.

एका संध्याकाळी मेहुणी रडत घरी आली.

"मॅडमना वाटतंय, यांनी चोरून औषध फवारलं. उद्या कामावरून काढणार म्हणतात. यांनी तर फवारणीच्या पंपाला हातही लावला नाही हो!"

बायको नवऱ्याकडे वळली. "तुम्ही बोला ना मॅडमशी. तुमचं ऐकतील."

मुकादम भिंतीकडे बघत म्हणाला, "बोलतो."

सकाळी साडूच्या समोरच त्याने सांगितलं. "फवारणी झालेली नाही. अळ्या मी वेचल्या."

"का?" मॅडमनी विचारलं.

"याचे फोटो निघत होते."

कुणीच हसलं नाही. मॅडमनी ते वाफे प्रयोगातून काढून टाकले आणि मुकादमाला पिशव्यांत माती भरायच्या कामाला लावलं. साडू महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. एकदा नळावर हात धुताना मात्र म्हणाला, "दादा, मला लावलंत तुम्ही. मग काढायला का निघालात?" मुकादम नळ घट्ट पिळत राहिला. घरीही बायको गरजेपुरतंच बोले.

पुढच्या हंगामात मॅडमनी नव्याने वाफे मांडले. या खेपेला काही खताच्या रोपांवरच्या अळ्या मुद्दाम हाताने वेचायच्या होत्या, म्हणजे कीड नसली तर खताचा खरा फायदा किती, ते कळलं असतं. मुकादमाची कळी खुलली. हे काम दुसऱ्या कुणाला जमणार?

"वेचायला तुमचे साडू बसतील," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्यांना शिकवा."

त्याने दात आवळून शिकवलं. पान खालून बघ, कडेची घडी उलगड, ताजी विष्ठा दिसली की वर शोध. एक गोष्ट तेवढी राखून ठेवली: हिरवी अळी दिवसा मधल्या शिरेला चिकटून पडते आणि शीरच वाटते. आठवडाभर साडू तिच्यावरून नजर फिरवत राहिला आणि पानं कातरली जात राहिली. मुकादम मातीच्या ढिगापाशी उभा राहून ते पाही. आधी बरं वाटलं, मग तिथे उभं राहवेना.

शेवटी घमेलं टाकून तो गेला, साडूचं बोट धरून शिरेवर ठेवलं. "ही बघ."

बोटाखाली शीर हलली.

"आता सगळं सांगितलंत?" साडूने विचारलं.

"सगळं."

तो ढिगाकडे परतला. माती भरता भरता मान वर करून त्याने पाहिलं. मॅडम साडूपाशी थांबल्या होत्या, आणि जरा जास्तच वेळ थांबल्या होत्या.