हात मागे बांधून

आमच्या घरातला पहिला वेल्डर मी, दुसरी माझी धाकटी लेक. संस्थेतून वेल्डिंग शिकली ते ठीक, पण पुढे ‘शिकवायचं कसं’ हे शिकायला आणखी दोन वर्षं घालवणार म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "काम येत असलं की शिकवता येतंच! त्यात काय शिकायचंय, डोंबल?"

तिच्या वर्गात बावीस जण होते. एक आता विमा विकतो, बरेचसे परत कारखान्यात गेले, शिकवायला लागले जेमतेम पाच. आमची पोरगी तीन मुलाखतींतून हात हलवत परत आली. चौथ्या शाळेत जागा एकच होती, आणि ती हुकली की पुढे वयाच्या अटीत बसणार नव्हती.

म्हणून मीही सोबत गेलो. वेल्डिंगची जुनी काळी काच डोळ्यांपुढे धरून वर्कशॉपच्या खिडकीशी उभा राहिलो.

परीक्षकांनी तिच्यापुढे शाळेच्या कारकुनालाच उभं केलं. "यांना वीस मिनिटांत शिकवा." बिचाऱ्याने जन्मात पेनाशिवाय काही धरलं नव्हतं. रॉड लोखंडी पट्टीला टेकवला की चिकटायचा. सोडवला की पुन्हा चिकटायचा. आणि आमची बाई हात मागे बांधून उभी! अगं, घे ना तो होल्डर हातात! मी बाहेर नुसता दातओठ खात होतो.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "राहू द्या, तुम्हीच जोड मारून दाखवा."

"मला येतं, सर. यांना यायला हवं ना?" ती कारकुनाकडे वळली. "काका, रॉड टेकवू नका, किंचित वर धरा. तेल तडतडल्यासारखा आवाज येईल, तो तुटू द्यायचा नाही."

आवाज आला. चार बोटं लांब, वाकडातिकडा, पण सलग जोड! "जमलं की हो!" म्हणत कारकून ती तापलेली पट्टी उचलायला गेला, तेव्हा मात्र तिने झटकन त्याचा हात धरला.

मी काच खाली घेतली. चाळीस वर्षांत माझ्या हाताखाली सात जण येऊन गेले, एकही वेल्डर झाला नाही. जरा चुकलं की "हो बाजूला" म्हणून मी होल्डर हिसकावून घ्यायचो. सगळे आळशी होते, असंच आजवर सांगत आलो.

जागा तिलाच मिळाली. नेमणुकीचा कागद देताना कारकून मला म्हणाला, "शेवटी शिकवण बापाचीच!"

"छे हो," मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्याकडे शिकली असती, तर अजून बाजूलाच उभी असती."